लस, डोळा आणि विरजण: 'इनॉक्युलेट' या शब्दाच्या दोन उलट्या वाटा

(या भागाचा हा लिखित मसुदा. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

पंचवटीतून, गोदेच्या या काठावरून बोलतोय. हेडफोन लावले असतील तर उत्तम. बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. तो ऑनलाइन स्पॅनिश शिकतोय. एका स्पॅनिश बातमीत त्याला वाक्य दिसलं, साधारण असं की अमुक नेता लोकांमध्ये द्वेष 'इनोकुलार' करतोय. त्याला इंग्रजी 'इनॉक्युलेट' माहीत होतं. इनॉक्युलेट म्हणजे लस टोचणं. मग त्याने अर्थ लावला की हा नेता लोकांना द्वेषाविरुद्ध लस देतोय. किती भला माणूस! पुढचा परिच्छेद वाचला तर सगळं उलटंच. नेता द्वेष पसरवत होता.

तर प्रश्न असा: एकाच लॅटिन आईची ही दोन लेकरं, मग एक संरक्षण करतं आणि दुसरं विष कालवतं, हे कसं?

आधी मूळ बघू, कारण मूळ आपल्या नाशिककरांना फार जवळचं आहे. लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. 'इन' म्हणजे आत. 'इनोक्युलारे' म्हणजे डोळा आत बसवणं. कुठला डोळा? माणसाचा नाही हो, झाडाचा. ऊस लावताना आपण कांडीवरचा डोळा बघतो ना? बटाट्यालाही डोळे असतात. तोच डोळा. जिथून कोंब फुटतो ती जागा. लॅटिनमध्येही तिला डोळाच म्हणायचे.

आणि आता मजा ऐका. कुठल्याही नर्सरीत जा आणि गुलाबाचं कलम कसं करतात ते विचारा. माळीदादा सांगतील, 'डोळा भरायचा.' रानटी गुलाबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल हलकेच उचलायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचं. संत्र्या-मोसंबीचंही असंच. 'डोळा भरणे' हा मराठी शब्द आणि 'इनोक्युलारे' हा लॅटिन शब्द, दोन्ही अगदी एकाच गोष्टीकडे बघून तयार झालेत. कोणी कोणाचं भाषांतर केलेलं दिसत नाही. ज्याने चाकू हातात धरला त्याला तिथे डोळा दिसला, एवढंच. गुलशनाबाद हे नाशिकचं जुनं नाव, त्यामुळे गुलाबाचं उदाहरण मी मुद्दाम दिलं, कबूल.

(द्राक्षवाले लगेच मेसेज करतील म्हणून सांगून टाकतो. द्राक्षात आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर बहुतेक पाचर कलम करतात, डोळा नाही भरत. माहीत आहे.)

इंग्रजीतही 'इनॉक्युलेट' आधी बागेतलाच शब्द होता. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये तो येतो तो कलम करण्याच्या अर्थानेच, रोगाशी त्याचा संबंध नाही. माणसाच्या दंडावर हा शब्द आला अठराव्या शतकात. तेव्हाच्या इस्तंबूलमध्ये देवीच्या रोगावर एक उपाय करायचे. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला द्रव घ्यायचा, निरोगी माणसाच्या कातडीला बारीक चीर द्यायची आणि तो द्रव आत सोडायचा. १७१४ मध्ये याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोचलं. आता याला म्हणायचं काय? चीर द्यायची, आत काहीतरी सरकवायचं, बांधायचं. अरे, हे तर माळ्याचं काम! म्हणून 'इनॉक्युलेशन'. पुढे लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या बाईंनी आपल्या मुलाला तिथेच, आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये मुलीला, असं टोचून घेतलं आणि इंग्लंडमध्ये त्याची चर्चा सुरू झाली.

उपाय धोक्याचा होता. खरीखुरी देवीच अंगात घालायची, फक्त थोडी. त्यातून शंभरातले एक-दोन दगावायचे. पण एरवी देवी आली तर शंभरातले वीस-तीस जायचे. हिशोब तुम्हीच करा. आपल्या देशातही, विशेषतः बंगालमध्ये, हे काम करणारे लोक होते. त्यांना 'टीकादार' म्हणायचे.

इथे एक छोटा फाटा. हिंदीत लस म्हणजे 'टीका'. मराठीत टीका म्हणजे काय ते सोशल मीडियावर असणाऱ्याला सांगायला नको. कोरोनात हिंदी फलक लागले होते, 'टीका लगवाएँ', आणि मला दरवेळी वाटायचं की आम्हाला ती न लावताही रोज भरपूर मिळते. असो.

तर शब्द बागेतून दंडावर आला. म्हणजे मूळ अर्थ फक्त 'बाहेरची गोष्ट आत बसवणं' एवढाच. ती गोष्ट चांगली की वाईट, हे शब्द सांगतच नाही. गुलाबाचा डोळा आत बसवा, देवीचा द्रव बसवा, विष बसवा. इथूनच दोन वाटा फुटल्या.

स्पॅनिशने 'आत सोडणं' ही बाजू धरून ठेवली. साप चावून विष सोडतो, तर स्पॅनिशमध्ये तो विष 'इनोकुलार' करतो. विंचवाचंही तेच. आणि मग अलंकारिक अर्थ त्याच वाटेने गेला: वाईट उदाहरणाने किंवा खोट्या शिकवणीने एखाद्याला बिघडवणं. स्पॅनिश अकादमीच्या कोशात हा अर्थ रीतसर दिलेला आहे. म्हणून भीती, द्वेष, संशय या गोष्टी तिथे 'इनोकुलार' होतात. आपल्याकडे 'मनात विष कालवलं', 'कान भरले', 'फूस लावली' म्हणतो ना, तसं.

इंग्रजीने दुसरी बाजू उचलली. टोचल्यावर काय होतं? माणूस वाचतो. म्हणून इंग्रजीत आज 'अमुकच्या विरुद्ध इनॉक्युलेट करणं' म्हणजे आधीच कणखर करून ठेवणं. जुन्या इंग्रजीत 'विचार मनात भरणं' हाही अर्थ सापडतो, पण आता तो मागे पडलाय. एकाने सुई बघितली, दुसऱ्याने सुईनंतरचा माणूस बघितला.

मग स्पॅनिशमध्ये संरक्षणाचा अर्थ कुठे गेला? तो गेला 'वाकुना' या शब्दाकडे. (स्पॅनिश लोक 'व' जवळपास 'ब'सारखा म्हणतात, त्यामुळे ऐकायला 'बाकुना'.) वाका म्हणजे गाय. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गायींच्या देवीचा द्रव वापरून दाखवला, त्यावरून 'व्हॅक्सिन' आलं. इंग्रज माणसाला व्हॅक्सिनमध्ये गाय ऐकू येत नाही, स्पॅनिश पोराला येते. स्पॅनिशमध्ये 'मी त्याविरुद्ध वाकुनादो आहे' म्हणजे मला त्याने आता काही फरक पडत नाही, पचवलंय मी सगळं.

पण कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोरमध्ये जाऊन 'वाकुना' म्हणाल तर दुकानदार दचकेल. तिकडे बोलीभाषेत वाकुना म्हणजे गुंडांना किंवा सशस्त्र टोळ्यांना द्यायचा हप्ता! पैसे द्या, म्हणजे तुम्हाला काही होणार नाही. लस घेतली की रोग होत नाही, तसं. आपला 'हप्ता' यापेक्षा सरळ आहे, तो निदान औषधाचं सोंग आणत नाही.

गाय म्हटल्यावर स्पेनची एक गोष्ट सांगायलाच हवी. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये ला कोरुन्या बंदरातून एक जहाज निघालं, फ्रान्सिस्को बाल्मिस नावाच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. लस अमेरिकेतल्या वसाहतींत न्यायची होती. फ्रिज नाही, बर्फ नाही. मग लस ठेवायची कशात? मुलांच्या दंडात. २२ अनाथ मुलं घेतली. दोन मुलांना टोचायचं, नऊ-दहा दिवसांनी त्यांना फोड आले की त्यातली लस पुढच्या दोघांना. असं करत करत अटलांटिक ओलांडला. मुलांची काळजी घेणारी इसाबेल सेन्दाल, तिचा स्वतःचा मुलगाही त्या २२ मध्ये होता.

आणि हे होण्याच्या वर्षभर आधीच मुंबईत लस पोचली होती, अशीच दंडादंडातून. व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा, तिथून समुद्रमार्गे मुंबई. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतात यशस्वी झालेली ती पहिली लस. तिच्या दंडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्या दंडातली त्यापुढच्यांना, आणि तशीच देशभर. हो, आणि इथे जात आडवी आलीच. कोणाच्या मुलाच्या दंडातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाणार, यावरून विरोध झाला.

आता 'लस' हा शब्द बघा. घरात आजही म्हणतात, 'जखमेतून लस येतेय.' म्हणजे पू नाही, रक्त नाही, तो पातळ चिकट द्रव. लस म्हणजे मुळात तेच. दंडातल्या फोडातून काढलेलं पाणी. इंग्रजीने माळ्याचा हात लक्षात ठेवला, स्पॅनिशने गाय लक्षात ठेवली, मराठीने तो द्रव. तिघांपैकी सगळ्यात प्रामाणिक आपणच, थोडं किळसवाणं असलं तरी.

जुन्या पिढीचे लोक तर 'लस घेतली'ही म्हणायचे नाहीत. 'देवी काढल्या' म्हणायचे. आणि गावात जो टोचायला यायचा तो 'देवी डॉक्टर'. पोरं त्याला बघून पळायची. भारतातली देवीची शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये सापडली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की रोग जगातूनच गेला. तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर जो वण आहे तो देवीचा नाही, बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा. आजीच्या दंडावरचे मोठे वण बघा, ते देवीचे.

बरं, मराठीत 'लस' अलंकारिक अर्थाने वापरतात का? फारसं नाही. त्या जागी आपल्याकडे भलतेच शब्द बसलेत आणि ते जास्त रंगीत आहेत.

पहिला, बाळकडू. तान्ह्या बाळाला द्यायचं कडू औषध. 'देशभक्तीचं बाळकडू आईकडून मिळालं' हे आपण शाळेच्या भाषणात शंभरदा ऐकलंय. दुसरा, टोचणी. सुई दंडाला टोचते, पण 'टोचणी लागली' म्हणजे मनाला, आपण चुकीचं वागलो म्हणून. तिसरा माझा सगळ्यात आवडता, विरजण. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला माध्यमात थोडे सोडतात, त्यालाही इनॉक्युलेशनच म्हणतात. नाशिकच्या वायनरीत द्राक्षाच्या रसात यीस्ट सोडतात तेही इनॉक्युलेशन. शेतकरी हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम चोळतो तेही. आणि आई रात्री कोमट दुधात चमचाभर दही घालते तेही अगदी तेच! शास्त्राच्या दृष्टीने विरजण हे अस्सल इनॉक्युलेशन. पण अलंकारिक अर्थ? 'उत्साहावर विरजण पडलं.' म्हणजे दुधाचं छान दही झालं तरी भाषेच्या मते दूध गेलंच. या बाबतीत मराठी सरळ स्पॅनिशच्या बाजूला जाऊन बसते.

आता जरा गंभीर व्हायचंय. कारण हा शब्दांचा खेळ असला तरी त्याच्या पोटात एक प्रश्न आहे: खोट्या गोष्टीविरुद्ध मनाला लस देता येते का?

लसीचीच गोष्ट घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. पण त्या काळात रोगाइतक्याच वेगाने अफवा पळत होत्या. इस्पितळात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' नावाचं तेल काढतात, अशी एक अफवा होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोकांचा राग बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. सरकारी माणसं घरात घुसत होती, माणसं उचलून नेत होती. पण राग खरा असला की खोटी गोष्ट लवकर चिकटते.

आता १२२ वर्षं पुढे या, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय हे मेसेज तेव्हा मोबाईलवर फिरत होते. संशय आला, जमाव जमला आणि त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्याच सुमाराला आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, जमावाने अशाच संशयावरून काही जणांना घेरलं होतं, सोबत एक लहान मूलही होतं. तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं.

डवरी गोसावी म्हणजे डवर वाजवत दारोदार फिरणारे. एके काळी गावाला हे लोक ओळखीचे होते. वासुदेव येणार, पिंगळा येणार, डवरी येणार, वर्षाचं चक्रच होतं ते. परका माणूस दारात येणं ही रोजची गोष्ट होती, त्यामुळे त्याची भीती नव्हती. ती सवय गेली आणि त्या जागी मोबाईल आला.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक आठवतोय का? मोटरसायकलवरून दोघं येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती ती. शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. इथे फिरवताना फक्त शेवटचा तुकडा कापला होता. एवढंच. त्यात काही बनावट तयार करावंच लागलं नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम मॅग्वायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रश्न तपासला होता. त्याने लोकांना कोणी कधी शंका न घेतलेल्या समजुती घेतल्या, उदाहरणार्थ दात घासणं चांगलं. काही लोकांना त्या समजुतीच्या बाजूची भरपूर कारणं दिली. काहींना उलट, विरोधातला एक दुबळा मुद्दा दाखवला आणि तो कुठे फसतो तेही दाखवलं. नंतर दोघांवर जोरदार हल्ला केला. टिकले जास्त कोण? दुबळा हल्ला आधीच बघितलेले. त्याने याला नाव दिलं, इनॉक्युलेशन थिअरी. इंग्रजीत 'विरुद्ध'वाला अर्थ इतका पक्का बसलाय त्यात याही सिद्धांताचा हात असणार, असं मला वाटतं. आता केंब्रिजचे सँडर व्हान डेर लिंडन वगैरे मंडळी हेच काम ऑनलाइन अफवांवर करतात. त्याला 'प्रीबंकिंग' म्हणतात. अफवा आल्यावर खोडायची नाही, ती यायच्या आधी तिची युक्ती दाखवून ठेवायची.

इथे मला बाळकडू आणि लस यातला फरक कळतो. बाळकडू म्हणजे चांगलं तेच पाजत राहणं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हा मेसेज म्हणजे बाळकडू. पोलीसही पाठवतात, कोणी मनावर घेत नाही. लसीत मात्र रोगाचाच अशक्त तुकडा असावा लागतो. म्हणजे घरच्या ग्रुपवर काका-मावशीला उपदेश करण्याऐवजी तो कराचीचा व्हिडिओ पूर्ण दाखवा, मग कापलेला दाखवा आणि विचारा, 'कुठे कापलाय, सांगा?' त्यांना एकदा कात्री दिसली की पुढच्या व्हिडिओत ते स्वतः शोधतील. आपल्याकडची म्हण, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, याच्याच जवळची, फक्त त्यात आधी तोंड पोळावं लागतं. इथे कोमट दुधावर काम भागतं.

आता याच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा जादूचा उपाय विकतोय. परिणाम हळूहळू ओसरतो, बूस्टर लागतो. ज्याच्या मनात ती गोष्ट आधीच मुरलीय त्याच्यावर लस कमी चालते, त्याला उपचार लागतो. आणि अति केलं तर माणूस सगळ्यावरच अविश्वास दाखवायला लागतो, खऱ्या बातमीवरही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आणि 'फॉरवर्डेड'चा शिक्का आणला. त्याने वेग कमी होतो. पण ते लस देणं नाही, ती संचारबंदी झाली.

मी हे आत्ता का बोलतोय? सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडाच्या आसपास, या आपल्याच गल्ल्यांमधून, लाखो अनोळखी माणसं येतील. भाषा वेगळी, वेश वेगळा, कित्येकांसोबत लहान मुलं. कोणीतरी कुठलातरी जुना व्हिडिओ 'पंचवटीतला, आजचा' म्हणून टाकणारच. तेव्हा खोडत बसायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच घरात एक-दोघांना तो कापलेला तुकडा दाखवून ठेवा.

आणि ज्या श्रोत्याने प्रश्न विचारला त्याला सोपी खूण: स्पॅनिशमध्ये 'इनोकुलार' दिसलं की विचार, आत काय सोडलं? इंग्रजीत 'इनॉक्युलेट' दिसलं की पुढे 'विरुद्ध' शोध. आणि कोलंबियात कोणी वाकुना मागितली तर दंड पुढे करू नकोस.

तुमच्या घरी एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, दंडावरच्या वणाला ते काय म्हणतात आणि देवी डॉक्टर आला की ते कुठे लपायचे. व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाची चालेल. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू. पुढच्या वेळी बोलू 'कलम' या शब्दावर. लेखणी, आंब्याचं झाड आणि कायद्याचं पुस्तक या तिघांत तो एकटा कसा फिरतो, ते बघू. चला, भेटूच.